लाल हातोडा

१

१९७१ सालचा ऑक्टोबर. ओहायो नदीकाठच्या हार्कनेस गावात पोलादाच्या भट्ट्या तेव्हा तिन्ही पाळ्यांत धगधगत असत, आणि शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धडका देत खेळायच्या अमेरिकी फुटबॉलचा, सामना असला की अख्खं गाव मैदानावर लोटत असे. त्या वर्षी ‘हातोडे’ म्हणजे गावच्या शाळेचा संघ ओळीने सहा सामने जिंकला होता. सातव्या सामन्यात समोरच्या ब्राइडवेल गावच्या संघातल्या केल्विन प्रॉसर नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला स्ट्रेचरवरून नेलं. शनिवारी सकाळी इस्पितळातून बातमी आली, की त्याला मानेखालचं काही जाणवत नाही.

रविवारी दुपारी दोन वाजता, नेहमीप्रमाणे, शाळेच्या वाचनालयात सामन्याची फिल्म लागली. पडदे ओढले होते. मुलं जमिनीवर मांड्या घालून बसली होती. मातृमंडळाने आणलेल्या डोनटांचे खोके हातोहात फिरत होते. प्रोजेक्टर चालवायला ग्रंथपाल इर्मा हृश्का होती. गेली नऊ वर्षं हे काम तिचंच होतं.

तिसरं सत्र सुरू झालं. डोनटांचे खोके खाली ठेवले गेले. पडद्यावर पाऊस पडत होता, चिखलात माखलेल्या दोन रांगा समोरासमोर वाकल्या होत्या आणि त्यांच्या मागे केल्विन प्रॉसर हात पुढे करून उभा होता. चेंडू त्याच्या हातात आला, चार पावलं धावून तो पडला आणि उठला; यानंतरचाच तो डाव.

आणि पडदा एकदम थरथरला. पुढच्या क्षणी स्ट्रेचर मैदानात आलेलं होतं.

“ए, मधलं कुठे गेलं?” कुणीतरी ओरडलं.

इर्माने मशीन थांबवलं, रीळ काढलं आणि खिडकीचा पडदा बाजूला सारून फिल्म उजेडात धरली. दोन कापलेली टोकं साध्या चिकटपट्टीने, तिरकी, घाईघाईने जोडलेली होती.

केल्विन कसा पडला हे दाखवणारा नेमका तेवढाच डाव, काही सेकंदांचा तुकडा, कुणीतरी कापून नेला होता.

२

खरं म्हणजे त्या डावात काय झालं ते मैदानावरच्या कुणालाच धड दिसलं नव्हतं. चिखलाने सगळ्यांचे नंबर पुसले गेले होते. पाच-सहा जणांचा ढीग झाला, पंचाची शिट्टी वाजली, ढीग सुटला तेव्हा केल्विन पालथा पडला होता, आणि लिऑन टिब्स गुडघ्यांवर बसून त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून होता. ब्राइडवेलच्या लोकांनी तेवढंच पाहिलं. टिब्सने त्याची मान पिरगळली, असा बोभाटा झाला.

लिऑन संघातल्या चार काळ्या मुलांपैकी एक. घर रुळांच्या खालच्या अंगाला. आई इस्पितळात रात्रपाळीची मदतनीस. राज्याच्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्तीचं पत्र दिलं होतं. रुळांखालच्या वस्तीत असं पत्र आलेला तो पहिलाच. बुधवारी संध्याकाळी शाळांच्या क्रीडासंघटनेची चौकशी होती. शिट्टीनंतर त्याने मारलं असं ठरलं, तर त्याला कायमचं बाहेर काढणार होते, आणि मग शिष्यवृत्तीही गेलीच असती.

“फिल्म दाखवली की प्रश्न मिटेल,” असं सगळे म्हणत होते. आता फिल्मच नव्हती.

कोच बर्ल टॅकेट मुलं गेल्यावर वाचनालयात मागे राहिला. दारासारखा रुंद माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय.

“मिस हृश्का, फिल्मच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे. संघटनेचे लोक आधी आपल्यालाच विचारणार.”

“मग त्यांच्या आधी मीच विचारते,” इर्मा म्हणाली. “तुम्ही कापलीत?”

कोच हसला. “मला लपवायचं असतं ना, तर मी रीळच नदीत टाकलं असतं. एवढं शिवणकाम कोण करत बसतो?”

“केल्विनला भेटायला गेला होतात?”

त्याचं हसू मावळलं. “हा पुरुषांचा खेळ आहे, बाई. चर्चची सहल नव्हे. हात मोडतात, पाय मोडतात. हे तुमचं असं सुरू झालं ना, तर पन्नास वर्षांनी पोरं मैदानावर पतंग उडवतील.”

दाराशी जाऊन तो थांबला. “आणि उगाच साळसूदपणा नको. तो लाल हातोडा कुणी काढला होता?”

इर्मा प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागली.

३

दोन वर्षांपूर्वी कोच तिच्याकडे आला होता. मुलांच्या हेल्मेटांवर लावायला चिकटचित्रं हवी होती. जोरदार धडकेला एक काळा हातोडा. आणि समोरचा खेळाडू स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर जाऊ शकला नाही, तर एक लाल.

इर्माची चित्रकला चांगली होती. वाचनालयाच्या टेबलावर, उन्हाची तिरीप पडलेली असताना, तिने दुपारभर बसून तो लाल हातोडा रंगवला होता. लाकडाच्या दांड्याला रेषा काढल्या, पोलादावर चमक दाखवली. छापून आला तेव्हा तिला केवढा आनंद झाला होता! ‘स्वतःच्या पायांनी जाऊ शकला नाही’ याचा अर्थ काय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. निदान ती स्वतःला तसं सांगत असे.

सोमवारी सकाळी ती गस लिंडक्विस्टच्या फोटोच्या दुकानात गेली. सामन्यांची फिल्म गस काढत असे, पत्रकारांच्या खोलीच्या छपरावर, पावसात छत्री खांद्याशी बांधून. इर्माने चिकटपट्टीचा जोड त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने भिंग लावलं आणि शिसारी आल्यासारखं तोंड केलं.

“ही पट्टी कडेच्या भोकांवर आलीय! हे असलं काम माझ्या हातून झालं असतं, तर माझ्या बापाने थडग्यातून उठून मला बडवलं असतं. आम्ही खरवडतो, फिल्मचं सिमेंट लावतो, दाबून धरतो. हे कुणीतरी भेटवस्तूचं खोकं बांधतात तसं बांधलंय.”

“शनिवारी-रविवारी तुम्ही कुठे होतात?”

“अहो, मी तुमच्या संशयितांत आहे की काय?” गस खुदकन हसला. “बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, टोलेडोला. दोनशे फोटो काढलेत. हवे तर बघत बसा. सगळ्यांत मीच वैतागलेला दिसतोय.”

“गस, उघड्या डोळ्यांनी तो डाव फिल्मवर ओळखता येईल?”

“नखाएवढं चित्र, त्यात चिखलाचे गोळे. सगळे डाव सारखेच दिसतात. मोजावंच लागेल.” तो थांबला. “पण मोजायची युक्ती तुम्हाला आणि मलाच ठाऊक. मी तरी कुणाला सांगितलेली नाही.”

युक्ती सोपी होती. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला गस गुणफलकाचं चित्र घेई. मग प्रत्येक डावानंतर तो कॅमेरा थांबवी, आणि पुन्हा सुरू करताना एक-दोन चौकटी पांढऱ्या पडत. फिल्म उजेडात धरून ते पांढरे ठिपके मोजत गेलं, की हवा तो डाव बोटाखाली येई.

इर्माने ती युक्ती एकदाच कुणाला तरी दाखवली होती. घरी, स्वयंपाकघरात, कौतुक व्हावं म्हणून.

तो विचार तिने तिथेच, दुकानाच्या दारात, झटकून टाकला.

४

लिऑन मंगळवारी मधल्या सुट्टीत वाचनालयात आला. शेवटच्या टेबलाशी टोपी गुडघ्यावर ठेवून बसला.

“तू त्याचं डोकं का धरलं होतंस?”

“हलू नये म्हणून, मिस. मान दुखावली असेल तर डोकं हलू द्यायचं नाही, आईने सांगितलंय. सगळे त्याला उठवायला बघत होते. मी ओरडत होतो, हात लावू नका. ते म्हणतात मी पिरगळली.”

“मग मारलं कुणी?”

लिऑन टोपीची कड फिरवत राहिला.

“लिऑन, उद्या तुझं सगळं जाणार आहे.”

“ठाऊक आहे.”

“मग बोल की!”

“बोलून काय होणार?” त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. “मी नाव घेतलं, तर लिऑन टिब्स खोटं बोलतो, असं म्हणणारं पहिलं माणूस तुम्हीच असाल, मिस हृश्का.”

तो उठला, खुर्ची नीट आत सारून निघून गेला.

मग तिने डावांची वही काढली.

सामन्याची नोंदही तीच ठेवत असे. प्रत्येक डाव वहीत लिहायचा. खाली कार्बन घालून एक प्रत कोचला, एक वर्तमानपत्राला. नियमभंगामुळे रद्द झालेल्या डावाला क्रमांक द्यायचा नाही, अशी नोंदीची पद्धत होती. पण गसचा कॅमेरा रद्द डावही टिपत असेच. म्हणून रविवारी फिल्म दाखवताना घोटाळा नको म्हणून इर्मा आपल्या वहीत, फक्त आपल्याच वहीत, शनिवारी सकाळी लाल पेन्सिलीने समासात फिल्मवरचा खरा क्रमांक टाकत असे.

कोचच्या प्रतीत केल्विनचा डाव तिसऱ्या सत्रातला अकरावा होता. वर्तमानपत्राच्या प्रतीतही अकरावा. त्याआधी दोन डाव रद्द झाले होते. म्हणजे फिल्मवर तो तेरावा.

इर्माने रीळ खिडकीशी धरलं आणि गुणफलकापासून ठिपके मोजले. अकरावा डाव शाबूत होता. बारावाही. चोराने कुठेही न चुकता, आजूबाजूची एक चौकटही न दुखवता, तेरावाच कापला होता.

म्हणजे कापणाऱ्याने तिची वही पाहिली होती. आणि फिल्म धुऊन होऊन बसने शनिवारी दुपारी आल्यापासून रविवारी दुपारपर्यंत वही एकाच ठिकाणी होती. हृश्कांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. तिथेच खिळ्याला तिच्या किल्ल्याही लटकत असत.

त्या घरात तीन माणसं राहत होती. इर्मा, तिची विधवा बहीण व्हेरा पाव्लिक, आणि व्हेराचा मुलगा डेनी. हातोड्यांचा सगळ्यात दणकट बचावपटू. हेल्मेटावर सात काळे हातोडे, लाल एकही नाही.

५

रविवारी सकाळी नऊ ते अकरा डेनी चर्चमध्ये तिच्या शेजारी बसला होता, आणि तिथून तिच्याबरोबरच शाळेत खुर्च्या लावायला आला होता. व्हेरा आली नव्हती. डोनट तळायचे आहेत, म्हणाली होती. ती मातृमंडळाची अध्यक्ष, आणि अध्यक्षबाईंनी रविवारचे डोनट घरीच तळायचे, असा गावाचा रिवाज. विकतचे आणले तर वर्षभर टोमणे ऐकावे लागत. आणि तरी त्या रविवारी इर्माने घास घेतला तेव्हा तो कोरडा लागला होता, वर बेकरीचा साखरेचा थर. घरचे, आईच्या पद्धतीचे डोनट असे नसत. जायफळ असे त्यांत. म्हणजे व्हेराने ती सकाळ तळण्यात घालवली नव्हती.

तिला तेव्हाच कळलं होतं. हे स्वतःशी कबूल करायला तिला तीन दिवस लागले. तीन दिवस ती गावभर सगळ्यांना विचारत फिरली, आणि आपल्या घरात फक्त ‘कॉफी आहे का’ एवढंच विचारलं.

मंगळवारी संध्याकाळी व्हेरा कोबी चिरत होती.

“डोनट कुठून आणलेस रविवारी?”

सुरी थांबली. “का? आवडले नाहीत?”

“व्हेरा.”

“बेकरीतून. खोक्याची चिठ्ठी काढून टाकली. जा, सांग मातृमंडळाला.”

“तुकडा कुठे आहे?”

व्हेराने हात पुसले. वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या शिवणाच्या टोपलीतून बटणांचा डबा काढला, उपडा केला. बटणांत गुंडाळी करून ठेवलेली तीनेक हात फिल्म होती.

“मी पाहिलेलं नाही त्यात काय आहे,” ती म्हणाली. “पाहायची गरजच नव्हती. शुक्रवारी रात्री तो जेवला नाही. न्हाणीघरात तासभर नळ सोडून बसला होता. आई आहे मी.”

“लिऑनलाही आई आहे.”

“लिऑनची आई माझ्या घरात राहत नाही!” व्हेराचा आवाज फाटला. “जाळून टाक ते, इर्मे. तुझ्या पाया पडते. गाव दोन महिन्यांत विसरेल. आणि तू काय मला शिकवतेस? तो हातोडा कुणी काढला? पोरगा याच टेबलाशी बसून तुला विचारायचा, मावशी, मला लाल कधी मिळणार? काय म्हणायचीस तू?”

इर्माला आठवत होतं. ‘मिळव की,’ म्हणायची ती, आणि त्याचे केस विसकटायची.

मागच्या दारात डेनी उभा होता. किती वेळ, कोण जाणे. सहा फूट उंचीचा पोरगा, पण हात कुठे ठेवावे ते त्याला समजत नव्हतं.

“शिट्टी ऐकू आली होती मला,” तो म्हणाला.

“डेनी, गप्प बस!” व्हेरा ओरडली.

“आली होती, आई. तो गुडघ्यावर होता. उठत होता. चेंडू पण नव्हता त्याच्याकडे. मला वाटलं, चिखलात कोण बघतंय. एक तरी लाल हवा होता मला.” त्याने मावशीकडे पाहिलं. “डोकं खाली घातलं आणि घुसलो. आवाज आला, मावशी. ओली फांदी मोडल्यासारखा. तो आवाज जात नाहीये.”

चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटत आलं होतं.

“उद्या तू स्वतः सांगणार का?” इर्माने विचारलं.

डेनीने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

इर्माने फिल्मची गुंडाळी उचलली आणि अंगात कोट घातला. व्हेरा दाराशी आडवी झाली नाही. फक्त म्हणाली, “हे केलंस, तर मला बहीण नाही.”

६

बुधवारी सकाळी गसने तुकडा जिथल्या तिथे जोडून दिला. खरवडून, सिमेंट लावून, दाबून धरून. पैसे घेतले नाहीत.

चौकशी शाळेच्या जेवणघरात झाली. संघटनेचे पाच जण लांब टेबलामागे. केल्विनचे वडील पहिल्या रांगेत, मांडीवर मुलाचं हेल्मेट घेऊन. लिऑन आईच्या शेजारी. ती इस्पितळाच्या पांढऱ्या कपड्यांतच आली होती. व्हेरा आणि डेनी अगदी मागे.

इर्माने प्रोजेक्टर लावला. तेरावा डाव सात सेकंदांचा होता.

मैदानात जे कुणाला दिसलं नव्हतं ते छपरावरून लख्ख दिसत होतं. ढीग कोसळला. पंचाचा हात वर गेला. सगळे सैल झाले. केल्विन एका गुडघ्यावर आला, आणि डावीकडून एक जण डोकं खाली घालून धावत आला. नंबर चिखलाने झाकला होता. पण हातोड्यांत डाव्या मनगटाला हिरवी फीत बांधणारा एकच जण होता. ती फीत त्याच्या वडिलांची होती. ते भट्टीवर वारले त्या वर्षापासून तो बांधत असे. मग लिऑन गुडघ्यांवर घसरत आला, दोन्ही हात हेल्मेटावर ठेवले, आणि मान वर करून ओरडत राहिला. फिल्मला आवाज नव्हता. तरी तो काय ओरडत होता ते सगळ्यांना कळलं.

“पुन्हा लावा,” अध्यक्ष म्हणाले.

इर्माने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डेनी उभा राहिला होता.

“नका लावू. मी आहे तो.”

केल्विनच्या वडिलांनी मागे वळून पाहिलं नाही. ते हेल्मेटावरचा चिखल अंगठ्याने खरवडत होते.

इर्मा टेबलाशी गेली आणि पिशवीतून लाल हातोड्यांचा न वापरलेला कागद काढून अध्यक्षांपुढे ठेवला. “हा मी काढला आहे. समोरचा मुलगा उठू नये म्हणून बक्षीस होतं हे. मागितला कोच टॅकेटने, वाटला मातृमंडळाने. त्या पोराच्या डोक्यात हा आम्ही घातला. हेही लिहून घ्या.”

अध्यक्षांनी कोचकडे पाहिलं. कोच छताकडे बघत होता.

“मिस हृश्का,” अध्यक्ष कागद परत सारत सौम्यपणे म्हणाले, “त्याचा या चौकशीशी संबंध नाही.”

७

लिऑन टिब्स विद्यापीठात गेला. दोन वर्षं खेळला, गुडघा गेला, मग गणिताचा शिक्षक होऊन हार्कनेसलाच परतला आणि पुढे शाळेचा मुख्याध्यापक झाला. आया मुलांना पाठवीनात, खेळायला बावीस पोरंही जमेनात, म्हणून २०१३ साली शाळेचा फुटबॉल बंद करण्याच्या कागदावर सही त्याचीच आहे. सही करण्याआधी तो कागद इर्माच्या घरी येऊन तिला दाखवून गेला होता.

केल्विन प्रॉसर पुन्हा चालला नाही. ब्राइडवेलच्या अग्निशमन केंद्रात फोनवर बसून त्याने बावीस वर्षं लोकांना धीर दिला, आणि १९९४ साली तो गेला. दर ऑक्टोबरात इर्मा त्याला भेटायला जाई. एकदा तो म्हणाला, “मिस, सामने चालू असले तर मी अजून बघतो. वेडेपणाच आहे, नाही?”

कोच टॅकेटवर काहीही ठपका आला नाही. आणखी अकरा वर्षं त्याने संघ चालवला. मैदानाशेजारच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. लाल हातोडे मात्र त्या बुधवारनंतर कुणाच्या हेल्मेटावर दिसले नाहीत.

गसने पुढच्या मोसमापासून फक्त लग्नं काढली.

व्हेरा त्याच घरात, त्याच टेबलाशी, इर्माशी चार वर्षं बोलली नाही. एका नाताळला तिने न बोलता डोनटांची बशी पुढे सरकवली. त्यांत जायफळ होतं. त्या दिवसापासून पुन्हा बोलणं सुरू झालं, पण तो विषय कधीच निघाला नाही.

डेनीला शाळेच्या संघातून काढलं. त्यावर तो खेळ सोडेल असं इर्माला वाटलं होतं. पण भट्टीच्या कामगारांचा एक संघ होता, तिथे कुणी काही विचारत नसे. तिथे तो नऊ वर्षं खेळला, डोकं खाली घालूनच. पन्नाशी ओलांडल्यावर तो गाडी कुठे लावली ते विसरू लागला, मग रस्ते, मग व्हेरा वारली ते. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर डोक्यावर बसलेल्या धडका आता एकेक करून वसूल होताहेत.

इर्मा पंच्याऐंशीची होती तेव्हा दर रविवारी, दोन वाजता, त्याच्या शुश्रूषागृहात जात असे. तो खिडकीशी बसलेला असे, कपाळ काचेला टेकवून. तिला पाहिलं की त्याचा चेहरा सतरा वर्षांचा होई.

“मावशी,” तो विचारी, “मला लाल कधी मिळणार?”

“तो मी परत घेतला, बाळा,” ती दर वेळी सांगे. “काढायलाच नको होता. चूक माझी होती.”

तो समजल्यासारखी मान हलवी. ती त्याचे विरळ झालेले केस विसकटी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच उत्तर द्यायला येई.